संगणकाचा कारकून आणि चाळीस गुंठे

नांदेडच्या श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेतील एका विद्यार्थ्याने परवा विचारले की, कोड लिहिणाऱ्या कृत्रिम सहायकांपैकी श्रेष्ठ कोणता. प्रश्न साधा असला तरी उत्तर कामाच्या स्वरूपावर अवलंबून असल्यामुळे ही थोडी सविस्तर कैफियत.

२०२१ साली आलेला गिटहब कोपायलट आरंभी पुढच्या ओळी सुचवण्यापुरता होता; कर्सर हा व्हीएस कोडच्याच पायावर उभारलेला स्वतंत्र संपादक असून अनेक फायलींत एकदम फेरफार करतो; तर २०२५ मधील क्लॉड कोड टर्मिनलमध्ये राहून फायली वाचतो, चाचण्या चालवतो आणि मंजुरी मिळाल्यास बदलही करतो. आता तिघेही एकमेकांच्या हद्दीत शिरले आहेत, म्हणून केवळ नावावरून निवाडा करू नये.

माझी कसोटी आपल्याकडच्या जमिनीची आहे. १ एकर २५ गुंठे आणि १ एकर २० गुंठे यांची बेरीज करणारे फंक्शन मागावे: चाळीस गुंठ्यांचा एकर असल्याने उत्तर ३ एकर ५ गुंठे यावयास हवे, परंतु दशांश समजून २.४५ असा निकाल निःशंकपणे देणारा सहायक मी पाहिला आहे. हाच नियम चाचणीच्या रूपाने आधी लिहून दिल्यावर मात्र त्याने काम बिनचूक केले.

अचूकतेइतकीच गोपनीयताही पाहावी: लातूरच्या आडतीचे हिशेब सांभाळणाऱ्यांनी व्यापाऱ्यांची नावे व रकमा अशा सहायकाच्या सेवेकडे पाठवण्यापूर्वी तिच्या अटी वाचाव्यात (कोणी वाचत नाही, हे ठाऊक आहे). ओलामासारख्या साधनाने लहान मॉडेल स्वतःच्याच संगणकावर चालवता येते. कुशलता कमी पडते, पण दप्तर घराबाहेर जात नाही.

आपण कोणता सहायक, कोणत्या कामासाठी वापरता? शंका असल्यास अवश्य विचाराव्यात.