जुन्या गाडीचा गिअर अडतोय? आधी क्लच कोणत्या तेलात बुडतो ते बघा

हा भाग ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी नेहमीसारखं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त “म्हणजे” आणि “अॅक्च्युअली” थोडे कमी केलेत.

आजचा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा आहे. “भाऊ, घरची जुनी गाडी आहे, गिअर लय अडकतो. कोणतं तेल टाकू? त्यात टाकायची एखादी बाटली भेटते का?”

उत्तर एका ओळीत सांगतो. तेलाचा ब्रँड नंतर. आधी त्या तेलात अजून कोण कोण राहतं ते शोधा.

एका गाडीत तेलाची किती घरं?

हिरो होंडा सीडी १०० किंवा स्प्लेंडर घ्या. इंजिन, क्लच आणि गिअर, तिघं एकाच तेलात. एक घर.

यामाहा आरएक्स १०० किंवा येझदी घ्या. या टू-स्ट्रोक. इंजिनाला लागणारं टूटी तेल पेट्रोलसोबत जळून जातं. खाली गिअरबॉक्सचं तेल वेगळं, पण त्याच तेलात क्लच प्लेटाही बुडालेल्या असतात. म्हणजे दोन घरं.

आणि जुनी कास्ट आयर्नची, चार गिअरची बुलेट. तिच्यात तीन घरं. इंजिनाचं तेल वेगळं. डाव्या बाजूच्या चेनकेसमध्ये प्रायमरी चेन आणि क्लच, त्यांचं तेल वेगळं. आणि मागचा अल्बियन डिझाइनचा गिअरबॉक्स, त्याचं वंगण वेगळं.

आता कळलं का, “गिअरसाठी कोणतं तेल?” याचं एकच उत्तर का नसतं? दोस्ताच्या आरएक्सला जे चाललं ते बुलेटच्या गिअरबॉक्सला चालेलच असं नाही.

पाना उचलायच्या आधी एक टेस्ट

गाडी मेन स्टँडवर लावा, इंजिन बंद ठेवा. मागचं चाक हाताने हळूहळू फिरवत सगळे गिअर टाकून बघा. चाक फिरवणं गरजेचं आहे, नाहीतर गिअरचे दात समोरासमोर येऊन चांगला गिअरही अडतो.

बंद इंजिनावर गिअर लोण्यासारखे पडले आणि चालू इंजिनावर खाडकन पडले, तर दोष बहुतेक गिअरचा नाही. क्लच पूर्ण सुटत नाहीये. लिव्हर दाबलं तरी प्लेटा एकमेकींना चिकटून थोड्या फिरतच राहतात, आणि फिरत्या गिअरमध्ये तुम्ही पाय मारताय.

बंद इंजिनावरही अडत असेल, तर गिअर लिव्हरच्या आतली सेटिंग, सिलेक्टर किंवा झिजलेले गिअर बघावे लागतील.

बार्शीटाकळीला आमच्या मोठ्या काकांकडे १९८६ ची बुलेट आहे. उजव्या पायाला गिअर, डाव्याला ब्रेक. पहिला गिअर पडला की अख्खी गाडी हादरायची, आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये मोकळी सुटायची. अकोला रोडवर मागे ट्रक असताना गाडी अशी मोकळी सुटली, तर ती गंमत नसते. एक मिस्त्री म्हणाला गिअरबॉक्स उघडा. दुसऱ्याने बाटली सुचवली. घरातलं मत होतं, विकून मोकळे व्हा.

वरची टेस्ट केली. बंद इंजिनावर पहिला गिअर आरामात पडला. चेनकेस उघडलं तर आत ९० नंबरचं गिअर ऑइल! कधीतरी कोणीतरी “गिअर अडतो ना, मग गिअर ऑइल” या हिशोबाने ओतलेलं. ते घट्ट तेल प्लेटा सुटू देत नव्हतं. ते काढलं, प्लेटा साफ केल्या, मॅन्युअलमधल्या ग्रेडचं साधं इंजिन ऑइल भरलं, क्लच वायरमध्ये तेल सोडून तिचा प्ले लावला. दणका गेला. मधली मोकळी जागा मात्र तेलाने गेली नाही, ती गिअर पॅडलच्या आतल्या प्लेटची सेटिंग केल्यावर गेली. एका तक्रारीमागे दोन वेगळे दोष होते, आणि बाटलीची गरज एकालाही नव्हती.

डब्यावरचे आकडे

९० नंबरचं गिअर ऑइल ५० नंबरच्या इंजिन ऑइलपेक्षा जवळजवळ दुप्पट घट्ट असेल, असं वाटतं ना? तसं नाही. दोन्हींच्या मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. १०० अंशांना मोजलं तर ९० चं गिअर ऑइल साधारण ४० ते ५० च्या इंजिन ऑइलएवढंच घट्ट भरतं. खरा फरक आतल्या रसायनात आहे. गिअर ऑइलमध्ये दाब सहन करणारे गंधक-फॉस्फरसचे घटक असतात. ते गिअरच्या दातांसाठी चांगले, क्लच प्लेटांसाठी नाही.

२०डब्ल्यू-५० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. २०डब्ल्यू तेलाची थंडीतली चाचणी उणे १५ अंशांना होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि जानेवारीची पहाटही त्या चाचणीच्या जवळपास जात नाही. म्हणून वऱ्हाडात जुन्या गाडीसाठी डावा आकडा फार मनावर घेऊ नका. उजवा बघा, आणि तो मॅन्युअलप्रमाणे घ्या.

क्लच ज्या तेलात बुडतो, त्या डब्यावर जासो एमए किंवा एमए२ शोधा. ही जपानी मानकं ओल्या क्लचसाठीच आहेत. कारच्या पातळ तेलावर गोल शिक्क्यात खाली “रिसोर्स कन्झर्व्हिंग” लिहिलेलं असेल तर ते टाळा. त्यातले घर्षण कमी करणारे घटक क्लच घसरवू शकतात.

बुलेटच्या गिअरबॉक्सची गोष्ट वेगळी. तिथे क्लच नाही, म्हणून गिअर ऑइल चालतं. पण आत पितळी जातीचे बुश आहेत. जीएल-५ मध्ये ते गंधकवाले घटक जीएल-४ पेक्षा बरेच जास्त असतात आणि काही तेलांत ते पिवळ्या धातूला खातात. म्हणून जीएल-४ घ्या. हा बॉक्स पातळ तेल गाळतो, म्हणून बरेच जुने मालक अर्धपातळ ग्रीस वापरतात, तेही ठीक. पण बेअरिंगचं घट्ट ग्रीस कोंबू नका. गिअर त्यात एक चर पाडतात, ग्रीस बाजूला बसून राहतं आणि गिअर कोरडे फिरतात.

आणि ती बाटली?

बाजारातल्या बाटल्या ढोबळमानाने तीन प्रकारच्या. एक, मॉलिब्डेनम किंवा टेफ्लॉनवाली, घर्षण कमी करणारी. क्लच त्याच तेलात असेल तर नकोच. दोन, चिकट घट्ट करणारी. तिने आवाज दबतो, दोष तसाच राहतो, आणि क्लच अजून चिकटतो. तीन, गळती थांबवणारी. ती रबरी सील फुगवते, फाटलेलं सील जोडत नाही.

१९९७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने स्लिक ५० या टेफ्लॉनवाल्या उत्पादनाच्या जाहिरातींची केस तडजोडीने मिटवली, आणि पुराव्याशिवाय तसे दावे करायला कंपनीला मनाई झाली. बाटलीवरचं वाक्य आणि बाटलीतला माल यात अंतर असू शकतं, एवढं त्यातून घ्या.

स्क्रीनशॉट काढून ठेवा

१. बंद इंजिनाची टेस्ट.
२. क्लच वायर आणि लिव्हरचा प्ले.
३. रात्रभर उभी बुलेट सुरू करायच्या आधी क्लच दाबून दोन-चार किक, म्हणजे चिकटलेल्या प्लेटा सुटतात.
४. गरम गाडीचं जुनं तेल काढा आणि बोटावर घेऊन बघा. बारीक चमक चालते. तुकडे दिसले तर तेल विकत घेऊ नका, गिअरबॉक्स उघडा.
५. मग मॅन्युअलचा ग्रेड, त्या त्या घराचा.

वेगात असताना गिअर आपोआप निसटत असेल, तर दात झिजलेत. कोणतंही तेल झिजलेलं लोखंड परत आणत नाही. तिथे पैसे चांगल्या मिस्त्रीला द्या.

तुमच्या गाडीत तेलाची किती घरं आहेत, ते व्हॉइस नोटमध्ये सांगा. राजदूतवाल्यांनो, तुमची खास वाट बघतोय. भेटू पुढच्या भागात.