पहिली सागरसफर : दिल्लीकर प्रवाशांसाठी पूर्वतयारी

दिल्लीपासून समुद्र फार दूर आहे. तरीही राजधानीत आणि नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद येथे स्थिरावलेल्या अनेक मराठी घरांत समुद्राची आठवण जिवंत आहे. कोणाच्या आजोबांनी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने कोकण गाठलेले असते, तर कोणाच्या आजीला बोटीतील उलट्यांचीच आठवण अधिक असते. त्याच घरांतील आजची पिढी गावी पोहोचण्यासाठी नव्हे, तर केवळ आनंदासाठी जहाजावर पाऊल ठेवू लागली आहे. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये 'एम्प्रेस' हे जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा सहलींसाठी निघू लागले आणि सागरसफर मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. मात्र हा प्रवास रेल्वे वा विमानप्रवासाहून वेगळा आहे. त्याची तयारीही वेगळीच करावी लागते.

जहाज थांबत नाही

पहिला नियम वेळेचा. जहाजाचे प्रवेशद्वार सुटण्याच्या वेळेपूर्वी बरेच आधी बंद होते आणि उशिरा आलेल्या प्रवाशासाठी जहाज खोळंबत नाही. दिल्लीकरांना ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी लागते. पश्चिम किनाऱ्यावरील सहलींचा हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होतो. डिसेंबर-जानेवारी हे त्यातील आल्हाददायक महिने आणि नेमक्या त्याच दिवसांत दिल्लीची विमाने व गाड्या दाट धुक्यात अडकतात. सकाळी दिल्लीहून निघून दुपारी मुंबईच्या धक्क्यावर पोहोचण्याचा बेत आखणारे कुटुंब एका धुकट पहाटेमुळे संपूर्ण भाडे गमावू शकते. म्हणून आदल्या दिवशीच मुंबई गाठावी. एका रात्रीच्या मुक्कामाचा खर्च हा त्या भाड्याचा विमाच समजावा.

अंथरूण पाहून पाय पसरावे

जाहिरातीतील भाडे बहुधा माणशी असते आणि एका केबिनमध्ये दोघे राहणार हे त्यात गृहीत धरलेले असते. बंदर शुल्क, कर आणि सेवकवर्गाचे बक्षीस त्यात धरले आहे काय, हे आधी विचारावे. मुख्य भोजनगृहातील जेवण सामान्यतः भाड्यात येते. पेये, विशेष उपाहारगृहे, इंटरनेट आणि किनाऱ्यावरील सहली यांचे पैसे मात्र वेगळे पडतात. जहाजावर रोख पैसे सहसा चालत नाहीत. केबिनच्या कार्डावर खर्च नोंदला जातो आणि अखेरच्या दिवशी एकत्रित देयक हाती येते. हातातून नोट जात नसल्याने खर्च जाणवत नाही. त्यासाठी रोज रात्री हिशेब पाहण्याची सवय ठेवावी. अशा सहलीसाठी कर्ज काढण्यापेक्षा वर्षभर आवर्ती ठेवीत रक्कम साठवणे केव्हाही श्रेयस्कर.

सिंगापूर वा युरोपातून निघणारी सहल निवडल्यास आणखी काही बाबी येतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२० मधील नियमांनुसार नवे कार्ड प्रारंभी केवळ देशांतर्गत व्यवहारांसाठी खुले असते. परदेशातील वापर ग्राहकाने स्वतः सुरू करून मर्यादा ठरवायची असते. हे काम घरीच उरकावे. भर समुद्रात मोबाईलला संपर्कक्षेत्र नसते, त्यामुळे ओटीपी येईलच असे नाही. शिवाय जहाजाच्या उपग्रह जाळ्याशी फोन आपोआप जोडला गेल्यास मोठे देयक येऊ शकते. जहाज सुटताच फोन 'एअरप्लेन मोड'वर ठेवणे हिताचे. परदेशी सहलींच्या रकमेवर उगमस्थानी गोळा होणारा कर विवरणपत्रात समायोजित करता येतो. त्याचे प्रमाणपत्र जपून ठेवावे. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी. जहाज त्याच देशात परतणार असल्यास पुनःप्रवेशाचा व्हिसा लागेल काय, हेही तपासावे.

प्रकृती आणि सामान

'बोट लागण्याची' धास्ती असणाऱ्यांनी जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरील केबिन घ्यावी. तेथे हेलकावे कमी जाणवतात. औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे आणि ते त्रास सुरू होण्यापूर्वी घ्यावे. त्रास झाल्यास डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहावे. जेवणापूर्वी साबणाने हात धुणे अत्यावश्यक आहे. जहाजावर पसरणाऱ्या पोटाच्या विकारावर केवळ सॅनिटायझर पुरेसा ठरत नाही. वृद्धांच्या विम्यात जहाजावरील उपचार आणि रुग्णाला किनाऱ्यावर हलविण्याचा खर्च अंतर्भूत आहे ना, हे पाहावे. गरोदर स्त्रिया व तान्ही मुले यांच्यासाठी जहाज कंपन्यांची बंधने असतात. मोठ्या बॅगा केबिनमध्ये पोहोचण्यास काही तास लागतात. म्हणून औषधे, कागदपत्रे व एक जोडी कपडे हातपिशवीतच असावेत. इस्त्री, विजेची किटली सहसा नेऊ देत नाहीत. घरच्या फराळाचे डबे चालतील काय, हेही आधीच विचारावे.

सुरक्षा कवायत : चुकवू नये अशी अर्धी घटका

१७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. कोकणातील कित्येक घरांत ती आठवण अद्याप सांगितली जाते. त्यानंतर सागरी सुरक्षेचे शास्त्र पुष्कळ पुढे गेले, तरी नियमांचे मोल कमी झाले नाही. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे भव्य जहाज कलंडले व ३२ जणांनी प्राण गमावले. त्याच दिवशी चढलेल्या अनेक प्रवाशांची कवायत तोवर झालीच नव्हती. त्यानंतर ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे आंतरराष्ट्रीय नियमांनी बंधनकारक केले. भोंग्याचे सात आखूड आणि एक दीर्घ स्वर ऐकू येताच आपल्या ठरलेल्या जागी जमायचे असते. ती जागा व तेथे नेणारा जिना घरातील लहानथोरांनी एकदा स्वतः चालून पाहावा.

एवढी काळजी घेतली की उरतो तो निखळ आनंद. धुक्याने वेढलेल्या दिल्लीतून निघालेल्या आजी-आजोबांना नातवंडांसह डेकवर उभे राहून मावळता सूर्य पाहायला मिळावा, यासाठीच तर ही सारी पूर्वतयारी.