माया सोडून बेतलेला रेणू
(संगणकातली प्रयोगशाळा : लेखांक ९)

वसई स्टेशनाबाहेर एखाद्या शिंप्याच्या दुकानापाशी पाच मिनिटे उभे राहून त्याचे हात पाहावेत. तो खडूने रेघ मारतो, पण कात्री रेघेवरून चालवत नाही, रेघेच्या थोडी बाहेरून चालवतो. ही जादा पट्टी म्हणजे माया. माया सोडली नाही, तर शिवताना तुकडे एकमेकांना धरत नाहीत.

१९९४ साली पुणे विद्यापीठातील श्रीधर गद्रे यांनी शिरसाट आणि लिमये या सहकाऱ्यांबरोबर मोठ्या रेणूंसाठी हीच युक्ती मांडली आणि नावही शिंपीकामातलेच दिले : मॉलिक्युलर टेलरिंग अप्रोच. अडचण अशी होती की रेणूतील इलेक्ट्रॉनांचा हिशोब रेणूच्या आकाराबरोबर बेसुमार फुगतो. प्राथमिक मानल्या जाणाऱ्या हार्ट्री-फॉक पद्धतीत रेणू दुप्पट झाला, की कागदावर काम सोळापट होते. अचूकतेसाठी नावाजलेल्या कपल्ड क्लस्टर पद्धतीच्या सर्वाधिक वापरातल्या रूपात तेच काम १२८ पट होते. म्हणजे आज एका तासात सुटणारे गणित दुप्पट रेणूसाठी पाच दिवसांवर जाते. मग रेणूचे तुकडे करायचे, पण ते एकमेकांवर चढतील असे बेतायचे. प्रत्येक तुकड्याचे गणित वेगळे सोडवायचे, बेरीज करायची आणि दोनदा मोजली गेलेली माया वजा करायची. सुरुवातीला ही पद्धत रेणूच्या विद्युत गुणधर्मांपुरती होती. पुढे ऊर्जा आणि रेणूची रचना काढण्यासाठीही ती वापरात आली.

पुरस्कारांवरच्या या लेखांकात ही गोष्ट आधी सांगण्याचे कारण तिच्या सालात आहे. गद्रे यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला १९९३ मध्ये, म्हणजे शिंप्याची युक्ती प्रसिद्ध होण्याच्या आदल्या वर्षी. त्याआधीचे त्यांचे गाजलेले काम रेणूभोवतीच्या विद्युत विभवाचे. तुंगारेश्वरच्या डोंगराचा नकाशा डोळ्यांपुढे आणला, तर त्यात शिखरे असतात, खिंडी असतात, दऱ्या असतात. रेणूभोवतीच्या विभवाचाही असाच नकाशा काढता येतो. १९९० मध्ये राजीव पाठक आणि गद्रे यांनी सिद्ध केले, की या नकाशात शिखरे फक्त अणुकेंद्रांवरच असू शकतात, अधल्यामधल्या मोकळ्या जागेत कधीच नाही. दऱ्या मात्र मोकळ्या जागेतही असतात, आणि धनभारित कण रेणूकडे येताना कुठे ओढला जाईल, ते या दऱ्या सांगतात. पुरस्कार या कामानंतर आला आणि पाठोपाठ पुढचे मोठे काम उभे राहिले. उमेदीच्या वयात दिलेल्या पुरस्काराकडून याहून वेगळी अपेक्षा काय असावी?

उमेदीचे वय कोणते, यावर मात्र जगाचे एकमत नाही. संगणकीय रसायनशास्त्रज्ञांची जागतिक संघटना, वॅटॉक, १९९८ पासून डिरॅक पदक देते. त्याची अट चाळिशीच्या आतली. नाव अगदी योग्य आहे. रसायनशास्त्राचे मूळ नियम आता ठाऊक झाले आहेत, अडते ते फक्त समीकरणे सोडवण्यापाशी, असे पॉल डिरॅक यांनी १९२९ मध्येच लिहून ठेवले होते. आपल्याकडे भटनागर पुरस्काराची मर्यादा पंचेचाळीस. पीएच.डी., मग परदेशात दोन-चार वर्षे, मग नोकरीची वाट, असे करत पस्तिशीला स्वतःचा गट उभा करणाऱ्यासाठी ही पाच वर्षांची सवलत मोलाची आहे. पण तिशीतल्या संशोधकाच्या पाठीवर हात ठेवणारे सन्मान आणखी हवेत, असे ठामपणे म्हणावेसे वाटते.

या विषयातले भटनागर पुरस्कार महाराष्ट्रात पुन्हा आले ते २००० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सौरव पाल यांच्याकडे आणि २०१९ मध्ये पवईच्या आयआयटीतील राघवन सुनोज यांच्याकडे. दिल्ली आयआयटीत पाण्यासारख्या द्रवांचे संगणकीय सादृश्य उभे करणाऱ्या चारुसीता चक्रवर्ती यांना तो २००९ मध्ये मिळाला. रसायनशास्त्राच्या यादीत स्त्रियांची नावे इतकी थोडी, की हे नाव वाचताना मन थांबते. २०१६ मध्ये, अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी त्या गेल्या.

सुनोज यांचे काम पालघर जिल्ह्याला जवळचे वाटावे असे आहे. वसई-विरारहून रोज सकाळी डहाणू लोकल पकडून बोईसरला उतरणारे, तारापूर एमआयडीसीतल्या औषध आणि रसायन कारखान्यांत काम करणारे किती तरी बी.एस्सी. पदवीधर आहेत. औषधाचा रेणू अनेकदा डाव्या-उजव्या हातांसारख्या दोन रूपांत तयार होतो आणि हवे असते त्यातले एकच. कोणते रूप जास्त बनेल, हे दोन वाटांवरच्या ऊर्जेच्या घाटमाथ्यांमधील फरकावर ठरते. नेहमीच्या तापमानाला हा फरक प्रति मोल १.४ किलोकॅलरी असला, तर प्रमाण दहास एक पडते. २.७ असला तर शंभरास एक. एवढ्याशा फरकाचा शोध सुनोज संगणकावर घेतात. प्रोलिन हे साधे अमिनो आम्ल उत्प्रेरक म्हणून वापरले, तर एकच रूप जास्त का बनते, या वादावर त्यांच्या गटाने २०१० मध्ये महत्त्वाचा निबंध लिहिला. ज्या सेंद्रिय उत्प्रेरणाला २०२१ चे नोबेल मिळाले, त्याच मुलखातला हा प्रश्न.

भटनागर पुरस्काराचे रूप आता बदलले आहे. २०२२ च्या मानकऱ्यांची नावे सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झाली आणि त्यानंतर राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांची नवी रचना आली. तरुणांसाठीचा भाग आता ‘विज्ञान युवा - शांतिस्वरूप भटनागर’ या नावाने दिला जातो. वयाची अट पंचेचाळीसच राहिली. पूर्वी पाच लाख रुपये मिळत, आता पदक आणि मानपत्र. २२ ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रपती भवनात पहिले अठरा विज्ञान युवा पुरस्कार दिले गेले.

या वाटेची पहिली पायरी मात्र घरातल्या टेबलावर मांडता येते, आणि हे वसई-विरारच्या महाविद्यालयांतील मुलामुलींना कोणी तरी आवर्जून सांगायला हवे. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही, ब्युरेट लागत नाही, धूर ओढून घेणारे कपाट लागत नाही. सायफोर हा प्रोग्राम फुकट मिळतो आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. त्याला द्यायच्या फाइलीत पाण्याचा रेणू तीन ओळींत मावतो : एक ओळ ऑक्सिजनची, दोन हायड्रोजनच्या. ऑक्सिजनपासून प्रत्येक हायड्रोजन ०.९६ अँगस्ट्रॉमवर, मधला कोन १०४.५ अंशांचा. बटण दाबले की काही सेकंदांत ऊर्जेचा आकडा पडद्यावर उमटतो. मग कोन मुद्दाम १८० करून पाहावा. आकडा वर चढतो, रेणूला सरळ उभे राहणे परवडत नाही, हे डोळ्यांनी दिसते.

पुढच्या आठवड्यात : प्रत्येक इलेक्ट्रॉन वेगळा न मोजता त्यांच्या दाटीवरूनच हिशोब मांडणारे वॉल्टर कोन आणि १९९८ चे नोबेल.