आकाश कोणासाठी?

विजेच्या विमानाने शहरातल्या शहरात प्रवास करण्याची कल्पना आता आपल्या दाराशी येऊन ठेपली आहे. इंटरग्लोब व अमेरिकेतील आर्चर एव्हिएशन यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये दिल्ली, मुंबई व बंगळूर येथे अशी सेवा सुरू करण्याचा मनोदय जाहीर केला. एक वैमानिक, चार उतारू आणि कनॉट प्लेसहून गुरुग्राम सात मिनिटांत! धूर नाही, खोळंबा नाही. चित्र मोहक आहे, म्हणूनच ते पारखून घेणे अगत्याचे आहे.

धूर दिसत नाही म्हणजे तो नाहीसा झाला असे नव्हे. या देशातील दहापैकी सुमारे सात भाग वीज अद्याप कोळशावर निघते. मुंबईचे आकाश स्वच्छ राहील, पण राख चंद्रपूरच्या माथी पडेल. शिवाय सरळ वर उठण्यास व अधांतरी राहण्यास फार ऊर्जा लागते. मिशिगन विद्यापीठ व फोर्ड कंपनी यांच्या संशोधकांनी २०१९ मध्ये केलेला हिशेब बोलका आहे. शंभर किलोमीटरच्या प्रवासात उतारूंनी भरलेले असे विमान मोटारीहून सरस ठरते. परंतु पस्तीस किलोमीटरच्या आत, एकट्या माणसापुरती, पेट्रोलची मोटारही त्याहून बरी. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाणे रेल्वेने ३४ किलोमीटरच आहे!

परदेशचा अनुभवही सावध करणारा आहे. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये पॅरिसवरून उतारू नेण्याचा व्होलोकॉप्टर या जर्मन कंपनीचा बेत होता. तेथील नगरसभेने त्यास विरोध केला. पुढे यंत्रास प्रमाणपत्र वेळेत न मिळाल्याने उतारूंची वाहतूक झालीच नाही, आणि वर्षअखेर कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

नव्या शोधाला आमचा विरोध नाही. अत्यवस्थ रुग्ण किंवा प्रत्यारोपणासाठीचे हृदय वेळेत पोहोचविण्यास हे वाहन उपयोगी पडल्यास आम्ही त्याचे स्वागतच करू. तथापि ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ खच्चून भरलेल्या लोकलच्या दारांतून पडून माणसे मृत्युमुखी पडली, हे विसरून चालणार नाही. चौघांचा तासभर वाचविणारे वाहन आणि लाखोंचे प्राण जिच्यावर अवलंबून आहेत ती लोकल, यांत अग्रक्रम कोणाला हे सांगावयास पंडित नको. ज्यांना उडावयाचे असेल त्यांनी स्वखर्चाने उडावे. तळाची जागा व सार्वजनिक पैसा मात्र आधी लोकल व बस यांसाठीच खर्ची पडला पाहिजे. पंख्यांचा आवाज खालच्या सर्वांनाच ऐकावा लागणार आहे. तेव्हा परवान्यापूर्वी त्यांचे म्हणणे ऐकून घेणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.