गळ्यातली नळी

भाईजानच्या गळ्याला छिद्र पाडायचं, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा भाभी मटकन खाली बसल्या. गिया-बारे या आजारानं भाईजानचे हातपाय लुळे पडले होते, छातीचे स्नायूही साथ देईनात. तोंडातून नळी घालून व्हेंटिलेटर लावला, त्याला दोन आठवडे होत आले होते. तोंडातली नळी फार दिवस ठेवली तर स्वरयंत्राला इजा होते. म्हणून गळ्यातून थेट श्वासनलिकेत आखूड नळी बसवतात. ही ट्रॅकिऑस्टॉमी.

खरी कसोटी त्यानंतर. नाक हवेला ऊब आणि ओलावा देतं. इथं नाकच वगळलं जातं. हवेला बाहेरून ओलावा दिला नाही तर कफ सुकतो, नळी तुंबते आणि यंत्र चालू असूनही माणूस गुदमरतो. एका रात्री यंत्राची घंटा वाजू लागली. सिस्टरांनी आतली नळी सर्रकन काढून दुसरी घातली. काढलेल्या नळीत डिंकासारखा खडा होता. कवितेत मी 'श्वास' हा शब्द किती स्वस्तात वापरला होता!

नळीला फुगा असतो. त्यातला दाब पाण्याच्या 20 ते 30 सेंटिमीटरइतका हवा. जास्त झाला तर श्वासनलिकेच्या अस्तराचं रक्त तुटतं, व्रण होतो आणि पुढं ती जागा आकसते. कमी झाला तर लाळ फुफ्फुसात उतरते. बोटानं चाचपून हे कळत नाही, मापक लावावा लागतो. पहिल्या आठवड्यात नळी निसटली तर घाईनं परत खुपसू नये. वाट पक्की झालेली नसते, नळी भलतीकडं जाते. काही दिवसांनी ताजं रक्त दिसलं, थोडंसं का होईना, तर डॉक्टरांना तत्काळ बोलवायचं. पुढ्यातूनच मोठी रक्तवाहिनी जाते.

आणि आवाज? हवा स्वरतंतूंपर्यंत पोचतच नाही. स्टीफन हॉकिंग 1985 साली न्यूमोनियातून याच शस्त्रक्रियेनं वाचले, पण उरलीसुरली वाणी गेली. पुढं ते यंत्राच्या आवाजात बोलले. आमच्याकडं मी मुळाक्षरं म्हणायचो, हवं ते अक्षर आलं की भाईजान डोळे मिटायचे. एका शब्दाला पाच मिनिटं.

ताकद परतू लागल्यावर बोलण्याची झडप लावली. त्याआधी फुगा पूर्ण रिकामा करतात. तो भरलेला राहिला तर श्वास आत जातो, बाहेर येत नाही. सिस्टरांनी ते दोनदा तपासलं. मग घोगऱ्या आवाजात भाईजान म्हणाले, "चाय मिलेगी?"

मिळाला नाही. गिळण्याची तपासणी व्हायची होती.