गाईल्स ते हॅरिस
मुंबईत शाळेकडून क्रिकेट खेळणाऱ्या मुलाची पहिली मोठी पायरी म्हणजे गाईल्स शिल्ड, १४ वर्षांखालची स्पर्धा. पुढची हॅरिस शिल्ड, १६ वर्षांखालची. ती तर १९व्या शतकापासून चालू आहे! शारदाश्रम, अंजुमन-इ-इस्लाम, अलीकडे रिझवी स्प्रिंगफिल्ड... या शाळांत चुरस अशी की क्रिकेटसाठी मुलं शाळा बदलतात. प्रशिक्षक आचरेकर सरांच्या सांगण्यावरून सचिन तेंडुलकरही वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रमात आला. फेब्रुवारी १९८८, हॅरिसची उपांत्य फेरी, समोर सेंट झेवियर्स: सचिन नाबाद ३२६, त्याचा शाळासोबती विनोद कांबळी नाबाद ३४९, भागीदारी अभेद्य ६६४! कांबळीने नंतर ३७ धावांत ६ बळीही घेतले, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. २०१३ मध्ये याच स्पर्धेत रिझवीकडून पृथ्वी शॉने ५४६ धावा कुटल्या. आझाद मैदानावर शाळांचे सामने कडेला उभं राहून बघता येतात. जरूर बघा.