मंगळ खोदण्याआधी स्पिरिटचा बोळा

पडेगावात बोअर घेताना काळ्या खडकाचा भुगा उडतो आणि सगळ्यांचे लक्ष पाणी किती फुटांवर लागते याकडे असते. त्या खडकात सजीवही असतील, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी शास्त्रज्ञांनी सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र घेतले आहे. तिथे वरचा सव्वा किलोमीटर आपल्यासारखाच बेसाल्ट आहे, खाली ग्रॅनाइट. त्या भागातील खोल खडकांचे नमुने आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी तपासले, तेव्हा ऊन कधीच न पोहोचणाऱ्या थरांतही जिवाणूंच्या खुणा मिळाल्या.

मंगळावरही बेसाल्ट मुबलक आहे. मात्र तिथली हवा विरळ आहे आणि पृथ्वीसारखे चुंबकीय कवच नाही. अंतराळातून येणारे किरण वरच्या मातीतील सेंद्रिय पदार्थ मोडून टाकतात. त्यामुळे जीवसृष्टीचा माग जमिनीखाली काढायला हवा. युरोपची ‘रोझलिंड फ्रँकलिन’ ही बग्गी २ मीटर खोलीवरचा नमुना काढू शकेल. ती २०२८ मध्ये पाठवण्याचे नियोजन आहे.

खोदण्याइतकीच कठीण गोष्ट म्हणजे स्वच्छता. रुग्णाच्या रक्ताची कल्चर तपासणी करताना सुईआधी त्वचा नीट पुसली नाही, तर त्वचेवरचेच जंतू बाटलीत वाढतात. मग नसलेल्या आजारावर अँटिबायोटिक सुरू होते. खोल खडकाच्या नमुन्यातही ड्रिलच्या पाण्याबरोबर वरचे जिवाणू शिरतात. म्हणून बाहेरचा थर काढून आतला गाभा तपासतात.

मंगळावर पृथ्वीचाच जिवाणू ‘सापडला’, तर अब्जावधींचा खर्च आणि अनेकांची उभी कारकीर्द चुकीच्या निष्कर्षावर जाईल. तिथे खरेच जीव असले, तर आपण नेलेले जंतू त्यांच्यात मिसळतील. हे टाळण्यासाठी १९७६ मध्ये मंगळावर उतरलेली दोन्ही व्हायकिंग याने उड्डाणापूर्वी सुमारे ११२ अंश सेल्सिअसला ३० तास तापवली होती. ‘पर्सिव्हिरन्स’ बग्गीच्या ४३ नळ्यांपैकी ५ नळ्यांत खडक भरायचाच नसतो. यानाबरोबर पृथ्वीवरून काय आले, याची नोंद त्या ठेवतात.

कल्चरचा अहवाल पॉझिटिव्ह आला की अनुभवी डॉक्टर आधी विचारतात, नमुना कसा घेतला होता? शंका वाटली तर पुन्हा रक्त घेता येते. मंगळावरच्या यंत्राला ती सोय नाही, म्हणून या प्रश्नाचे उत्तर उड्डाणाआधीच तयार ठेवावे लागते.